रिकाम्या खुर्चीचा डाव

१

सोमवारी सकाळी दुकान उघडलं की माझं पहिलं काम ठरलेलं. इस्त्रीच्या मोठ्या टेबलावरची चादर काढायची आणि भिजत टाकायची. रविवारी लॉन्ड्री बंद असते आणि त्या टेबलाभोवती आमचे हे आणि ह्यांचे मित्र पत्ते कुटत बसतात. पत्ते म्हटलेलं ह्यांना खपत नाही. "कार्डं म्हण गं, पत्ते वेगळे," म्हणतात. कार्डं तर कार्डं. त्यांच्यावर ड्रॅगन, चेटकिणी, दोन तोंडांचे बैल, असली ध्यानं छापलेली. एकेका कार्डाला प्लास्टिकचं कव्हर. केस पिकलेले बाप्ये त्या ध्यानांवरून पोरासोरांसारखे भांडतात आणि मी त्यांना चहा करून देते.

दुसऱ्यांचे मळके कपडे धुण्यात माझा जन्म गेला. डाग बघून मी माणूस ओळखते. चादरीच्या एका बाजूला निळ्या खडूची भुकटी दिसली की तिथे शिंपी बसला होता. बिस्किटाचा लगदा दिसला की औषधवाला. त्याचं बिस्किट चहात पडलं नाही असा रविवार मी पाहिलेला नाही. काळा तेलकट अंगठा आमच्या ह्यांचा. हे कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवतात. साबणाची वडी झिजेल, पण त्या बोटांचं काळं जायचं नाही.

चौथ्या बाजूला सलूनवाले भाऊजी बसायचे. ते वारले त्याला बरेच महिने झाले होते. तेव्हापासून तेवढी बाजू स्वच्छ असायची.

त्या सोमवारी तिथे दोन डाग होते. गोल, पिवळट, मधे गडद. एकमेकांपासून दोन खांद्यांएवढ्या अंतरावर.

मी नाक लावून वास घेतला. माझ्या धंद्यात त्याची लाज नसते. शर्टाच्या कॉलरच्या आत जो मळ साचतो ना, कातड्याचं तेल आणि घाम मिळून होतो तो, तसला वास होता. आणि त्याच्या मागून आंबलेल्या दाढीच्या फेसाचा.

मग मी माझी कोपरं त्या दोन डागांवर धरून बघितली. नेमकी बसली.

"शिंपी आडवा पडला असेल त्या बाजूला," असं मी स्वतःशीच मोठ्याने म्हणाले आणि ब्रश घेऊन घासायला लागले. डाग गेले. हाताचा वास जेवेपर्यंत गेला नाही, आणि जेवले तेही नावालाच.

२

सलूनवाले भाऊजी माणूस म्हणून वाईट नव्हते, पण घाणेरडे होते. मेलेल्याला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी नावं ठेवत नाही, होतं ते सांगते. दिवसभर दुनियेच्या माना भादरायच्या आणि स्वतःच्या बनियनला आठवडाभर पाणी दाखवायचं नाही. बोटं सतत ओल्या फेसात राहून पांढरीफटक, सुरकुतलेली, पाण्यात भिजून फुगलेल्या शेंगांसारखी. उजव्या करंगळीचं नख मुद्दाम वाढवलेलं. त्या नखाने कान कोरायचे आणि त्याच नखाने डेकवरचं कार्ड उचलायचे. डेक म्हणजे कार्डांचा गठ्ठा, ज्याचा त्याचा वेगळा. पाठ दुखते म्हणून आपली एक जुनी सलूनची खुर्चीच त्यांनी आमच्याकडे आणून टाकली होती. फाटकं रेक्झिन, डोकं टेकायच्या जागी तेलाचा थर, आणि बसलं की फुस्स करत हळूहळू खाली जाणारी.

ह्यांचा खेळ चौघांचा. चहा देता देता मला समजला तो असा. प्रत्येकाने आपले राक्षस समोर मांडायचे आणि एकमेकांवर चाल करायची. ज्याचा जीव संपला तो बाद. पण चौघांत जो भारी दिसला तो गेलाच म्हणून समजा, कारण बाकीचे तिघं मिळून त्याला आडवा करतात. म्हणून सगळे आतून तह करत असतात. तू माझ्या ड्रॅगनला हात लावू नको, मी तुझ्या बैलाला लावत नाही. मेलेली कार्डं ज्याच्या त्याच्या खड्ड्यात जातात. खड्डा म्हणजे बाजूला ठेवलेला पत्र्याचा डबा.

सलूनवाल्यांची तऱ्हाच न्यारी. ते आपली चांगली चांगली कार्डं आपल्याच हाताने खड्ड्यात टाकायचे.

"भाऊजी, अहो हरताय की," मी एकदा म्हणाले.

"वहिनी, मी हरत नसतो, मी खड्डा भरत असतो," ते कान कोरत म्हणाले. "मरायला टेकलेल्याकडे कोण बघतं? हे तिघं एकमेकांची डोकी फोडतील. आणि माझा डबा काठोकाठ भरला ना, की त्यातून गाळराज राक्षस वर येतो. मग सगळंच संपलं."

"कसला मेला गाळराज!" शिंपी हसला. "आलाय का कधी जन्मात?"

खरंच नव्हता आला. डबा भरत आला की तिघं शहाणे व्हायचे आणि सलूनवाल्यांना बाहेर काढायचे.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी ते ह्यांना म्हणाले, "डाव अर्धा राहिलाय. माझी जागा मोडू नका." त्यांना ना बायको ना पोर. ह्यांनी शब्द दिला. आमचे हे शब्द द्यायला फार पुढे, मग निस्तरायला मी आहेच.

तर ती रीत अशी पडली. सलूनवाल्यांची खुर्ची ठेवायची. तिच्यासमोर त्यांचा डेक ठेवायचा. त्यांची हातातली कार्डं वाटायची, ती पालथीच राहायची. त्यांची वेळ आली की कोणीतरी डेकचं वरचं कार्ड उलटायचं, जे निघेल ते मांडायचं, आणि चाल नेहमी डावीकडच्या माणसावर. बाकीचे आपापली कार्डं डाव संपला की पिसून टाकतात. सलूनवाल्यांचा डबा मात्र रिकामा करायचा नाही. डाव अर्धा राहिलाय ना! जसा आहे तसा कपाटात, पुढच्या रविवारी तसाच टेबलावर.

आणि रिकाम्या खुर्चीवर चाल कोणी करायची नाही. मेलेल्याशी काय भांडायचं?

"अहो," मी ह्यांना म्हणाले होते, "ज्याच्या वाटेला कोणी जात नाही, तोच शेवटी उरणार ना?"

"तू चहा टाक," हे म्हणाले.

३

पुढच्या सोमवारी डाग परत होते, आणि मोठे. मी चादर बदलली. रविवारी जाड पांढरी घातली आणि मुद्दाम घरातच थांबले, टॉवेलांच्या घड्या घालत.

दुपारची वेळ. दार उघडं, बाहेर ऊन, रस्त्यावर पोरं सायकली फिरवत होती. भुताखेताची वेळ ती नव्हेच. शिंपी खुर्चीच्या डाव्या हाताला बसला होता, समोर औषधवाला, उजवीकडे आमचे हे.

शिंपी म्हणजे विचार करणारा गडी. एक कार्ड खाली ठेवायला एवढा वेळ लावायचा की मधे चहा दोनदा गरम करावा लागायचा.

"शिंपीबुवा, माप घेताय का त्या ड्रॅगनचं?" औषधवाला म्हणाला.

"घाई तुमच्या गिऱ्हाइकाला. माझ्याकडे कापड एकदाच कापतात."

तेवढ्यात मला आवाज आला. फुस्स.

मी वळून बघितलं. रिकामी खुर्ची हळूहळू खाली जात होती. आमच्याच डोळ्यांदेखत बसली, टेकली, थांबली.

"वॉशर गेलाय," हे मान वर न करता म्हणाले.

गेला असेल. जुनी वस्तू. पण वॉशर गेलेली खुर्ची एकदा खाली बसली की खालीच राहते, वर येऊन परत बसत नाही. ही दर डावाला बसत होती.

मी चहा घेऊन गेले. खुर्चीसमोरच्या चादरीवर बारीक बारीक केस पडले होते. कापलेले, ओले, काळे-पांढरे. मी फडक्याने पुसायला गेले तर ते बोटांना चिकटले, नखांत गेले, आणि एक तर ओठाला लागला, कसा कोण जाणे. शी! मी मोरीत जाऊन थुंकले. टॉवेलाचे धागे असतील, म्हटलं. टॉवेल तर मीच झटकत होते. पण टॉवेल निळे होते.

परत आले तोवर शिंप्याने खुर्चीचं वरचं कार्ड उलटलं होतं आणि त्यानेच त्याचा जीव संपला होता.

"हरलात की हो! तेसुद्धा खुर्चीशी!" औषधवाला हसून हसून खोकायला लागला.

शिंपी हसला नाही. हातातली कार्डं त्याने उघडी करून टेबलावर मांडली, सरळ रांगेत, आणि दोन्ही तळवे उताणे ठेवून बसून राहिला.

पुढच्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी आला आणि औषधवाल्याच्या जागेवर जाऊन बसला. औषधवाला कुरकुरला, "काय राव, माझी जागा!" आणि मग जी मोकळी होती तिथे, खुर्चीच्या डावीकडे बसला. त्या दिवशी शिंप्याने विचार असा केलाच नाही. हातातली कार्डं पालथी ठेवली. वेळ आली की डेकचं वरचं उलटायचा आणि मांडायचा.

४

शिंप्याची बायको कपडे घेऊन आली. एरवी बोलकी बाई, दारातूनच कोणाची तरी फिरकी घेत येणारी. त्या दिवशी गठ्ठा ठेवला आणि उभीच राहिली.

"काय गं, मूग गिळलेत का तोंडात?"

"वहिनी, ह्यांना रविवारी काही खायला घातलंत का हो?"

"चहा-बिस्किटं. का?"

"कपाट उघडतात आणि जे वर असेल ते घालतात. परवा वर माझा झगा होता. तो घालून दारापर्यंत गेले. मी हसले, म्हटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती." ती थांबली. "दुकानातही तेच. ठाण उचलायचं ते वरचं. एका गिऱ्हाइकाचा कोट पडद्याच्या कापडात शिवला. आणि काल, वहिनी, ताटात माशी पडली होती. आमटीत नाही, वरती, फडफडत होती."

"मग?"

"तीच आधी उचलली."

तिचं तोंड पदरामागे होतं, पण ती रडत नव्हती, नाक झाकत होती.

"वास येतो त्यांच्या अंगाला," ती म्हणाली. "कितीही न्हाऊ घाला. फेस आंबल्यासारखा."

ती गेल्यावर मी शिंप्याचे शर्ट वेगळ्या पिंपात टाकले, चिमट्याने धरून.

पुढच्या दोन रविवारांत औषधवालाही बाद झाला. तसाच. खुर्चीच्या हातून, दुपारी, उन्हात. मी तेव्हा बघत नव्हते. मंगळवारी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला त्याच्या दुकानात गेले तर त्याने चिठ्ठीकडे न बघता समोरच्या खोक्यातली वरची पाकिटं उचलून दिली. जंताच्या गोळ्या. त्याही लहान मुलांच्या, स्ट्रॉबेरीच्या वासाच्या.

"अहो दादा, माझ्या पोटात जंत नाहीत, तुमच्या डोक्यात आहेत!" मी ओरडले.

तो हसला. ती पाकिटं बाजूला केली आणि त्यांच्याखालचं, आता वर आलेलं, पाकीट दिलं. तोंडाच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी साचलं होतं. त्याच्या मुलीने धावत येऊन त्याला आत नेलं, आणि तेव्हापासून गल्ल्यावर तीच बसते. माझ्याकडे बघत नाही.

मी डोकं थंड ठेवून विचार केला. दोन माणसं एका वेळी आजारी पडू शकतात. पाण्यातून काही होत असेल. एका वयाचे आहेत, म्हातारपण येतंय. असं सगळं स्वतःला सांगितलं. मग घरी आले तर हे कपाटासमोर उभे.

आमच्या ह्यांना शर्ट निवडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी चार चादरींना इस्त्री करते. हा नको, त्याचं बटण घट्ट. तो नको, तो परवाच घातला होता. किल्ल्यांचंही तसंच. जुडग्यातली प्रत्येक किल्ली कानाशी वाजवून बघणार. लग्नाला आले तेव्हा बसायच्या आधी तीन खुर्च्या बदलल्या होत्या माणसाने. उभा जन्म मी ह्या गोष्टीवर ह्यांचं डोकं खाल्लं. त्या दिवशी दारात उभी राहून ऐकत होते, हा नको, तो नको, आणि जन्मात पहिल्यांदा ते मला गोड लागत होतं.

कारण आता खुर्चीच्या डावीकडे बसायला एकटे हेच उरले होते.

५

"ह्या रविवारी खेळ नाही," मी सांगितलं.

"शब्द दिलाय."

"मेलेल्याला?"

"मेलेल्यालाच पाळावा लागतो. जिवंत माणूस समजून घेतो."

"तुम्ही शिंप्याकडे बघितलंत का डोळे उघडून?"

"त्याला डॉक्टरची गरज आहे," हे म्हणाले. "खुर्चीचा काय दोष?"

मी शुक्रवारी भंगारवाल्याला बोलावलं आणि खुर्ची देऊन टाकली. त्याने गाडीवर चढवताना हात पुसले आणि म्हणाला, "मावशी, कोणी बसलं होतं का आत्ता? गरम आहे." मी त्याला चार शिव्या हासडल्या.

रविवारी ह्यांनी त्या जागी स्टूल ठेवलं. सोमवारी चादरीवर डाग होते. तेवढेच, तिथेच, वासासकट. ह्यांचा जीव शेवटच्या धाग्यावर राहून डाव कसाबसा संपला होता, आणि हे चादरीकडे न बघता भंगारवाल्याकडे जाऊन खुर्ची परत घेऊन आले. माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मी चिडले नाही. मला एक गोष्ट कळली होती. खुर्ची गेली तर स्टूल येईल. डेक जाळला तर दुसरा जुळवतील. हे असले हट्टी की टेबल फोडलं तर जमिनीवर बसून खेळतील. सगळं जाळता येतं, रिकामी जागा कशी जाळणार? ती भरावी लागते.

"अहो," मी त्या आठवड्यात विचारलं, "हरायचं असेल तर काय करतात?"

"कोणाला हरायचं असतं?"

"समजा."

"हातातली सगळी कार्डं खड्ड्यात टाकायची. म्हणजे डाव सोडला." मग माझ्याकडे नीट बघून, "का गं?"

"काही नाही. चहा प्या."

६

रविवारी तिघं बसले. शिंपी आणि औषधवाला तळवे उताणे ठेवून. दोघांच्या अंगाला तोच वास, आणि दोघं असे बसले होते जसे कोणी धुऊन वाळत घातलेत. हे डावीकडे. मी हात पुसत आले आणि सलूनच्या खुर्चीसमोर उभी राहिले.

"अगं तिथे नको," हे म्हणाले. पहिल्यांदाच ह्यांचा आवाज घाबरल्यासारखा वाटला.

"का? माणसानेच बसायचं असतं ना खुर्चीवर?"

लोकांची उलटी लागलेली चादर मी धुतली आहे. मेलेल्या माणसाच्या गादीचा अभ्रा धुतला आहे. पण त्या खुर्चीवर बसताना जी किळस आली ती माझ्या दाढांत अजून आहे. रेक्झिन कोमट होतं. आणि ओलं. झग्यातून ओल वर आली, मांड्यांपर्यंत. डोकं टेकायच्या थराला माझा अंबाडा चिकटला आणि सुटताना चटकन आवाज झाला.

आणि खाली रेक्झिन नव्हतं.

म्हणजे असेलही. स्प्रिंगा तुटल्या असतील, लाकूड वर आलं असेल. मला दोन उंचवटे लागले, हाडाचे, मांस थोडं असलेले, माझ्या दोन मांड्यांच्या बरोबर खाली. लहानपणी मामाच्या मांडीवर बसल्यावर लागायचे तसे. मी खाली बघितलं नाही. मला आजही कोणी विचारलं का नाही बघितलंस, तर मी सांगेन, बघून काय झालं असतं? मला तर बसायचंच होतं.

फुस्स. खुर्ची खाली गेली. माझ्यासाठी नेहमीपेक्षा जास्त.

पालथी ठेवलेली हातातली कार्डं मी उचलली. कव्हरांच्या आत ओल साठली होती, कोपऱ्यांत केस अडकलेले. चित्रं मी बघितली नाहीत. माझी वेळ आली तशी सगळी मूठ उचलली आणि डब्यात टाकली.

"सोडला डाव," मी म्हणाले. "हरले."

मग शिंप्याने मान वर केली. आपल्या हातातली पालथी कार्डं उचलली, पंख्यासारखी धरली, आणि एकावरून दुसऱ्यावर नजर फिरवायला लागला. हे नको, ते नको. चहा थंड झाला तरी त्याचं ठरेना.

"शिंपीबुवा," औषधवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माप घेताय का?"

मी तिथेच हुंदके देत रडले. ओल्या बुडाने.

७

तेव्हापासून दर रविवारी मी बसायला लागले. बसायचं, मूठभर कार्डं डब्यात टाकायची, हरायचं, उठायचं आणि कढत पाण्याने अंग खरवडायचं. झगे मी जाळून टाकायची. शिंप्याच्या बायकोने हातात हात घेऊन आभार मानले, का ते तिला माहीत नव्हतं. औषधवाल्याच्या मुलीने बरोबर गोळ्या दिल्या. हे शर्ट निवडायला पूर्वीसारखाच वेळ लावत आणि मी पूर्वीसारखीच ओरडायची. सोमवारच्या चादरीवर डाग नसत. म्हटलं, जिंकले. हरून जिंकले. चौथी शिकलेल्या बाईने ह्या सगळ्या खेळाडूंना वाट दाखवली.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. दर वेळी खुर्ची थोडी जास्त खाली जायची. आणि मानेवर, अंबाड्याच्या खाली, काहीतरी ओलसर लागायचं, श्वासासारखं. मी पंख्याला दोष द्यायची.

काल मी बसले. आपली मूठ उचलली, डब्यात टाकली. आत पडताना नेहमीसारखा खोल, पोकळ आवाज झाला नाही. कार्डावर कार्ड पडल्याचा झाला, वरच, काठाशी.

ह्यांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"अगं," हे हळूच म्हणाले, "किती टाकलीस आजवर?"

मी डब्यात बघितलं. काठोकाठ होता.

आणि मला कान कोरत बसलेला तो माणूस आठवला. मरायला टेकलेल्याकडे कोण बघतं, वहिनी? मी हरत नसतो.

दर रविवारी मी त्याच्या मांडीवर बसून त्याचाच डाव खेळत होते. तो एकटा असता तर डेकवरचं एकेक कार्ड निघालं असतं. मी मुठी मुठी भरून दिल्या. आणि इतक्या खात्रीने दिल्या की कोणी मला अडवलं नाही, कोणी माझ्यावर चाल केली नाही. हरणाऱ्या बाईवर कोण चाल करतं?

"ऊठ," हे म्हणाले. "आत्ता ऊठ."

मी उठायला गेले. अंबाडा चिकटला होता.

माझे दोन्ही हात मांडीवर होते. हे मी शपथेवर सांगते, कारण त्यानंतर मला स्वतःलाच खूप वेळा विचारावं लागलं. माझ्या उजव्या काखेखालून एक हात पुढे आला आणि डेककडे गेला. बोटं पांढरी, ओली, सुरकुतलेली. माझीच, म्हटलं. माझीही बोटं सोड्याच्या पाण्यात दिवसभर राहून तशीच होतात. माझीच असतील, भीतीने कळलं नसेल. पण मी नखं बोटांच्या मांसापर्यंत कापते. कपड्यांत धागे अडकतात म्हणून.

त्या करंगळीचं नख लांब होतं. त्याच्याखाली पिवळा मळ होता. त्या नखाने वरचं कार्ड हलकेच उचललं आणि डावीकडे, ह्यांच्यासमोर, उलटून ठेवलं. अगदी हळूच, एखाद्याच्या मानेवरचा केस टिपावा तसं.

मी डोळे मिटून घेतले. ह्यांनी बघितलं. ह्यांनी काय बघितलं ते हे मला कधी सांगणार नाहीत. मला फक्त कार्डं मांडल्याचा आवाज आला, एक, मग एक, सरळ रांगेत, उघडी.

आज सोमवार. मी चादर भिजत टाकली नाही. सकाळी ह्यांच्या आधी उठले आणि कपाटात ह्यांचे सगळे धुतलेले शर्ट नीट घडी घालून ठेवले. बटण घट्ट असलेलाही, परवा घातलेलाही. त्या सगळ्यांच्या वर, सगळ्यात वर, मोरी पुसायचं पोतेरं ठेवलं. ओलं, काळं, वास मारणारं. आणि दाराआड उभी राहिले. मनातल्या मनात म्हणत होते, हा नको म्हणा. तो नको म्हणा. मला शिव्या घाला, कपाटात हे काय ठेवलंस म्हणून माझ्या अंगावर धावून या.

ह्यांनी कपाट उघडलं. पोतेरं उचललं, झटकलं, आणि डोक्यातून घालायला भोक शोधत तिथेच उभे राहिले.